पंचगंगाकाठच्या पाणीपुरवठा संस्थांना खुले पत्र: शहराचं पाणी मागा, पण माळासाठी मागा

प्रति,
मा. चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि संचालक मंडळ,
पंचगंगाकाठच्या सर्व सहकारी पाणीपुरवठा संस्था,
जिल्हा कोल्हापूर

स.न.वि.वि.

नदीच्या प्रदूषणावर आपण सगळ्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले. तेरवाड बंधाऱ्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतच राहतात. पंचगंगेचा विषय उच्च न्यायालयात जाऊन आला, हरित लवादातही गेला. ती लढाई चालू राहू दे. हे पत्र दुसऱ्या कामासाठी आहे.

शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायची भाषा आता राज्यभर सुरू झाली आहे. आज ना उद्या कुणीतरी नकाशाची गुंडाळी घेऊन आपल्याही संस्थांच्या ऑफिसात येणार. त्या दिवशी बैठकीत काय होईल ते मी आत्ताच लिहून देतो. निम्मे संचालक म्हणतील, "गटाराचं पाणी आमच्या रानात नको." उरलेले म्हणतील, "नाहीतरी नदीत तेच येतंय, फुकट देतायत तर घेऊन टाकू." मग चहा होईल आणि विषय पुढच्या मीटिंगवर जाईल. तोवर दुसराच कुणीतरी ते पाणी घेऊन जाईल.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. हे पाणी आपण होऊन मागावं, लेखी करार करून मागावं, आणि नदीकाठच्या काळ्या रानाला न घालता माळाला न्यावं, असं माझं म्हणणं आहे. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त वाद होणार हेही मला माहीत आहे.

मुळात आपण हे पाणी आजही वापरतोच आहोत. पावसाळा संपला, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की राजाराम बंधाऱ्यापासून सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळपर्यंत नदी वाहायची जवळजवळ थांबते. बंधाऱ्याला बंधारा लागून पाणी तुंबून राहतं. त्यात कोल्हापूर शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला येतो, दुधाळी नाला येतो, काठावरच्या गावांची गटारं येतात. आपल्या जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी) तिथंच. एप्रिल-मेत जलपर्णी बाजूला सारून फूटव्हॉल्व्ह साफ करणाऱ्या माणसाला विचारा, हाताला काय लागतं ते. या वापराला ना करार आहे, ना तपासणी, ना जबाबदार कोण याचा पत्ता. पाईपमधून मापून घेतलेलं पाणी यापेक्षा वाईट असायचं कारण नाही. चांगलं असेलच असंही नाही, ते आपण काय अटी घालतो त्यावर आहे.

आता पाणी किती, ते बघू. कोल्हापूर शहराच्या कसबा बावड्यातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर, दुधाळीची १७. मिळून ९ कोटी ३० लाख लिटर. ही कागदावरची क्षमता झाली. रोज प्रत्यक्ष किती शुद्ध होतं आणि किती नाल्यातून तसंच जातं, हा आकडा आपण महापालिकेकडं लेखी मागितला पाहिजे. पण पूर्ण क्षमतेचं पाणी धरलं, तर भर उन्हाळ्यात उसाला दिवसाला ८ मिलिमीटर पाणी लागतं या हिशेबानं एकरी ३२ हजार लिटर होतात, आणि २,९०० एकर भागतात. गळती, पाटातली नासाडी वजा करून दोन हजार एकर म्हणा. वर्षाचं पाणी सव्वा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जवळ जातं. राधानगरी धरण सव्वाआठ टीएमसीच्या आसपासचं आहे, त्यावरून अंदाज करा. हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. उपसाबंदी लागली तरी शहर आंघोळ करायचं थांबत नाही.

आणखी एक मुद्दा आहे, त्याची चर्चा मी अजून कुठं ऐकली नाही. पूर्वी शहर भोगावती-पंचगंगेतून, म्हणजे बालिंगा, शिंगणापुरातून पाणी उचलायचं आणि वापरून पंचगंगेतच सोडायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं. काळम्मावाडी दूधगंगेवर, आणि दूधगंगा आपली आपण जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे आता दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी शहरात येतं आणि वापरून झाल्यावर पंचगंगेत पडतं. आपल्या खोऱ्यात ही भर पडलेली आहे. ती कुणाच्या हिशेबात धरायची, हे आज कुठंच ठरलेलं नाही. जो आधी लेखी मागेल त्याचं म्हणणं ऐकावं लागेल. दूधगंगाकाठची मंडळी यावर बोलणार, आणि त्यांना बोलायचा हक्कही आहे. दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला न्यायच्या सुळकूडच्या योजनेवरून इचलकरंजी आणि दूधगंगाकाठ यांच्यात काय झालं ते आपण पाहिलंच आहे. म्हणूनच गप्प बसून चालायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे मिठावर.

प्रक्रिया केंद्रात घाण कुजवली जाते, गाळ खाली बसतो, वास जातो, क्लोरीन घालून जंतू मारतात. मीठ मात्र जसंच्या तसं पाण्यात राहतं. प्रत्येक घरातलं जेवणाचं मीठ, कपड्याचा साबण, भांड्याची पावडर, लघवीतले क्षार, सगळं विरघळून पुढं येतं. त्यात सोडियम जास्त, आणि काळ्या रानाचा खरा वैरी तोच. गंमत बघा. सरकारच्या नियमात प्रक्रिया केंद्राच्या पाण्याला बीओडी (कुजणाऱ्या घाणीचं माप), तरंगणारे घन पदार्थ, विष्ठेतले जंतू यांची मर्यादा आहे. हरित लवादानं २०१९ मध्ये ती आणखी कडक करून बीओडी १० वर आणायला सांगितली, नत्र-स्फुरदालाही मर्यादा घातल्या. ईसीची, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या मापाची, अट त्यात नाही, सोडियमच्या प्रमाणाचीही नाही. म्हणजे केंद्र शंभर टक्के मार्क घेऊन पास झालं तरी मिठाबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं. हे नियम नदी डोळ्यापुढं ठेवून केलेत. रानाचा विचार आपणच करायचा आहे.

हिशेब सोपा आहे. पाण्याची ईसी १ धरली, तर लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. पाटानं भिजणाऱ्या उसाला वर्षात दीड मीटर पाणी दिलं, तर एकरात ६० लाख लिटर पाणी जातं, आणि त्याच्याबरोबर पावणेचार टनांच्या वर क्षार. गुऱ्हाळाच्या कायलीत रस आटतो आणि गूळ मागं राहतो, तसं रानात पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातं. निचरा नसेल तर काय होतं, हे शिरोळ तालुक्याला शिकवायची गरज नाही. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा थर, उसाची पानं कडेनं करपलेली, फुटवा नाही, आणि खोडव्यात तर निम्मं रान मोकळं. पाय ठेवला की वरचा पापुद्रा कर्रकन फुटतो आणि खाली चिखल असतो, तोही बिनपावसाचा. अशी रानं सुधारायला शिरोळच्या दत्त कारखान्यानं जमिनीखालून सच्छिद्र पाईप घालायची योजना राबवली, शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घातले, तेव्हा कुठं पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. एवढं करून सुधारलेल्या रानात आपण पुन्हा मीठ ओतायचं का?

ज्यांच्याकडं गुऱ्हाळं आहेत त्यांना तर जास्त सांगायला नको. खारवट रानातला ऊस गुळव्या कायलीजवळ ओळखतो. गूळ चवीला खारट, रंगाला काळपट, आणि पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. ते मानांकन आपल्या मातीच्या जोरावर आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून म्हणतो, माळाला न्या. हातकणंगल्याचा माळ, टेकडीच्या उताराची मुरमाड रानं, जिथं आज एक पावसाळी पीक निघतं आणि पुढं रान मोकळं पडतं. तिथं निचरा आहे. पावसाळ्यात मीठ धुऊन जाईल. आपल्या बहुतेक संस्थांचं लाभक्षेत्र नदीकाठचं काळं आहे, ते मला माहीत आहे. त्यातून मार्ग अदलाबदलीचा. धरणातून सुटणारं नदीचं पाणी काळ्या रानाला राहू दे, शहराचं पाणी वरच्या माळाला जाऊ दे, आणि संस्थेचं लाभक्षेत्र त्या प्रमाणात वाढवून घ्या. माळावर संस्थेचे सभासद नसतील तर नवे करा. शेअर्स त्यांनाही घेऊ द्या. काठावरचे जुने सभासद कुरकुर करतील. त्यांना सांगा की नदीतली घाण कमी झाली तर पहिला फायदा त्यांचाच आहे.

माळावर ठिबक करा, हे बोलायला सोपं आहे. या पाण्यात शेवाळ आणि बुळबुळीत थर लवकर धरतो, ड्रिपर बुजतात. वाळूची गाळणी, डिस्क फिल्टर, वरचेवर क्लोरीन, आणि लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं सोडून धुणं, एवढं केलं तरच चालेल. अनुदानात बसणाऱ्या नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भरवसा ठेवू नका. माळावरच्या विहिरींचंही बघायला लागेल, कारण खाली झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नायट्रेट जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. गावाच्या पिण्याच्या विहिरीभोवतालची रानं सोडून द्यायची, हे नकाशावर आधीच आखून घ्या.

नत्राचं म्हणाल तर ते वरदानही आहे आणि कटकटही. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र उरलं असं धरा. वरच्याच हिशेबानं वर्षाला एकरी १२० किलो नत्र फुकट मिळतं, म्हणजे युरियाची पावणेसहा पोती. आडसाली उसाला पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस हेक्टरी ४०० किलोची, एकरी १६०. तीन चतुर्थांश खत पाण्यातूनच आलं की! पण पाणी काही आपल्या वेळापत्रकानं नत्र देत नाही. मोठ्या बांधणीनंतर नत्र बंद करायचं असतं. हे पाणी चालूच राहिलं तर ऊस हिरवागार दिसतो, वाढतो, मग लोळतो, आणि कारखान्यात रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, घसरते. त्यामुळे ज्याला हे पाणी द्याल त्याच्या खताची पोती त्याच प्रमाणात कमी झाली पाहिजेत. नाहीतर आमची सवय तुम्हाला ठाऊक आहे. पाणीही घालणार, आणि शेजाऱ्यानं दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकणार.

माणसांचा विषय अहवालात एका ओळीत संपतो, म्हणून इथं जरा थांबतो. रात्री दोनला पाळी बदलायला जाणारा पाटकरी अनवाणी असतो. बॅटरी तोंडात धरून तो दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवतो, आणि चेंबर गळत असलं की कमरेपर्यंत भिजतो. त्यानंतर त्याच हातानं तंबाखू मळतो. भांगलणीला येणाऱ्या बायका ओल्या सरीत दिवसभर बसून काम करतात. पायातून शिरणारे जंत अशाच ओल्या मातीत वाढतात. जंतांची अंडी क्लोरीननं सहज मरत नाहीत, ती गाळून किंवा संथ पाण्यात बसवूनच काढावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं सिंचनाच्या पाण्यासाठी लिटरमागं एका अंड्याची मर्यादा सांगितली आहे, ती करारात आकड्यासकट घाला. पाटकऱ्याला गमबूट आणि हातमोजे द्या, ते त्याच्या पगारातून कापू नका. सगळ्यांना वर्षातून दोनदा जंताचं औषध द्या. हा खर्च संस्थेच्या वीजबिलापुढं काहीच नाही.

ऊस कच्चा कोण खातो, असं म्हणून सुटता येत नाही. वाडं (उसाचा शेंडा) जनावराला जातं, आणि आपल्याकडं दावणीला म्हैस नाही असं घर विरळा. तोडीआधी किमान दोन आठवडे पाणी बंद ठेवायचं, हा नियम करा. तसंही पक्व उसाला शेवटी पाणी तोडतोच. भाजीपाल्याला मात्र हे पाणी अजिबात देऊ नका. मेथी, कोथिंबीर, मुळा धुऊन कच्चा खाल्ला जातो, आणि ती भाजी कोल्हापूरच्या मंडईत त्याच शहराच्या ताटात परत जाते. आज नाल्याकडेला काय पाण्यावर काय पिकतं ते सगळ्यांना दिसतं, त्यावर कुणी बोलत नाही हा भाग वेगळा.

बाहेरची दोन उदाहरणं डोळ्यापुढं ठेवा. पुण्यानं मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचं पाणी बेबी कालव्यात सोडलं. खडकवासल्याचं चांगलं पाणी शहराला, त्या बदल्यात साडेसहा टीएमसी शुद्ध केलेलं पाणी खालच्या शेतकऱ्यांना, असा तो व्यवहार. कालव्याला घाण, वास मारणारं पाणी येतंय ही हवेली-दौंडच्या शेतकऱ्यांची तक्रार पुढं कायम राहिली. चांगलं पाणी एकदा गेलं की भांडायला हातात काही उरत नाही. दुसरं कोलार. बेंगळुरूचं सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोरड्या पडलेल्या कोलारच्या तलावांत सोडलं, रोज ४४ कोटी लिटरची योजना. पहिल्याच पावसाळ्यात एका तलावात फेस आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं तलाव भरले, विहिरींना, बोअरला पाणी आलं, हे तिथले शेतकरीही सांगतात. तिसऱ्या टप्प्याची (पाणी आणखी बारीक शुद्ध करायची) प्रक्रिया करून द्या, ही मागणी मात्र अजून सुटलेली नाही. दोन्हीकडं पाणी आधी आलं आणि अटी नंतर आठवल्या.

आपल्याला एक अडचण त्या दोघांपेक्षा वेगळी आहे. शहराचं पाणी पाईपनं माळाला गेलं तर उन्हाळ्यात नदीतलं तेवढं पाणी कमी होणार. शिरोळकडच्या संस्था लगेच म्हणतील, आमचं पाणी वरच्यांनी पळवलं. त्यांचं चूक नाही. मेमध्ये बंधाऱ्यात जे असतं त्यातला बराच वाटा शहराचाच असतो, घाण असला तरी ओला असतो. म्हणून पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्यायला हवं की जेवढं पाणी माळाला वळेल तेवढं उन्हाळ्याच्या आवर्तनात धरणातून सोडलं जाईल. माळाची रानं भिजतात म्हणून धरणाचं पाणी कमी केलं, तर आपलाही पुण्यासारखा बेबी कालवा झाला म्हणून समजा.

पावसाळ्याचं लवकर उरकतो. जून ते सप्टेंबर रानाला पाणी नको असतं, आणि शहराचं पाणी तर येतच राहतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काठावरचं काय काय पाण्याखाली गेलं ते आठवा. या चार महिन्यांत पाणी नदीतच जाणार, आणि तेव्हाही ते शुद्धच जायला हवं. आम्ही आठ महिने घेतो म्हणून चार महिने केंद्र बंद ठेवायची सवलत कुणाला मिळता कामा नये. माळावरच्या जुन्या दगडाच्या खाणी साठ्याला चालतील का, हे एकदा बघून घ्यावं.

पैसे कोण देणार, याचं उत्तर मला सरळ दिसतं. शुद्ध करायचा खर्च शहराचा, कारण घाण शहराची आणि नदीत शुद्ध पाणी सोडणं हे त्याचं कायद्यानं ठरलेलं काम. माळावर चढवायची वीज आपली, पण त्यासाठी सौर पंपाची जागा आणि अनुदान सरकारनं द्यावं. पाणीपट्टी पहिली काही वर्षं घेऊ नये. उद्योग हे पाणी विकत घ्यायला तयार होतील, ही स्पर्धा खरी आहे. वीजकेंद्राला पन्नास किलोमीटरच्या आतलं शुद्ध सांडपाणी वापरायची सक्ती २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात आली, नागपूरचं पाणी वीजकेंद्रांना जातंच आहे. आपल्याकडं तसं वीजकेंद्र नाही, पण शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे. फाउंड्रीला थोडं खारट पाणी गार करायला चालतं, त्यांना द्यायला माझी हरकत नाही. किती द्यायचं ते आपल्याला विचारून ठरावं, एवढंच. आणि गॅरेज, प्लेटिंगवाल्यांचं पाणी शहराच्या गटारात येत असेल तर ते आधी वेगळं करा. शिसं, क्रोमियम एकदा मातीत बसलं की कुठल्याच पावसानं धुऊन जात नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. सहकार कायद्याप्रमाणे आपली सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत "ऐनवेळच्या विषयां"त न ढकलता हा विषय क्रमांक टाकून घ्या. ठरावात एवढं असू द्या: दर पंधरवड्याला ईसी, सोडियमचं प्रमाण, नत्र, जंतू आणि जंतांच्या अंड्यांची तपासणी, तीही महापालिकेबाहेरच्या प्रयोगशाळेकडून, आणि निकाल संस्थेच्या फळ्यावर. पाणी सुरू व्हायच्या आधी माळावरच्या प्रत्येक गटाच्या मातीचा नमुना, म्हणजे पुढं रान बिघडलं तर आधी कसं होतं हे दाखवायला कागद राहील. केंद्र बंद पडलं की आपल्या पाईपचा व्हॉल्व्ह आपोआप मिटावा, कच्चं पाणी बायपासनं आपल्याकडं येता कामा नये. ईसी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर पाणी नाकारायचा हक्क आपला, आणि रान बिघडलं तर भरपाई कोण देणार त्याचं नाव करारात. धरणाच्या पाण्यात एक थेंबही कपात नाही.

ठरावाच्या प्रती महापालिका आयुक्तांना, पाटबंधारे विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या. एकट्या-दुकट्या संस्थेच्या पत्राला कुणी विचारत नाही, म्हणून वडणगे-शियेपासून शिरोळपर्यंतच्या संस्थांनी एकच मसुदा वापरावा. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे, दुरुस्त्या तुम्ही करा. शिरोळच्या मंडळींना पहिल्याच बैठकीला बोलवा, त्यांच्याशिवाय ठराव करू नका.

आपला,
पंचगंगाकाठचा एक सभासद शेतकरी
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर